गुडघ्याखालच्या पायाचं सॉकेट, स्कॅनपासून फिटिंगपर्यंत: कामाच्या नोंदी

३ जून

गुडघ्याखाली पाय काढलेल्या एका काकांसाठी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा जो भाग उरलेल्या पायावर बसतो तो, बनवायचंय, पण यावेळी स्टंपला (उरलेल्या पायाला) पीओपीच्या पट्ट्या न गुंडाळता, म्हणजे कास्ट न घेता. स्कॅन घ्यायचा, स्क्रीनवर रेक्टिफिकेशन (कुठे दाब द्यायचा, कुठे जागा सोडायची तसा आकार बदलणं) करायचं आणि मग प्रिंट काढायची किंवा पॉझिटिव्ह (स्टंपच्या आकाराचा भरीव साचा) बनवून त्यावर प्लॅस्टिक ओढायचं. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं, मी प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम अवयव बसवणारा) आणि आमचे टेक्निशियन दादा, ज्यांचा हात प्लास्टरवर वर्षानुवर्षं बसलाय. काकांचं आत्ताचं सॉकेट बरं चाललंय त्यामुळे घाई नाही, आणि नवीन सॉकेट भार देऊन तपासल्याशिवाय ते त्यावर उभे राहणार नाहीत हे आधीच ठरवून टाकलंय. हेच करून बघणाऱ्यांना पहिला सल्ला हाच, की ज्यांच्याकडे चालू सॉकेट आहे अशाच माणसापासून सुरुवात करा, नाहीतर तुमची प्रिंट फसली की तेवढे दिवस तो माणूस घरात बसून राहतो.

सामान: हातात धरायचा स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर, रेक्टिफिकेशनचं सॉफ्टवेअर, ०.८ मिमी नोझलचा मोठा एफडीएम (वितळवलेलं प्लॅस्टिक थरावर थर रचणारा) प्रिंटर, शीट तापवायचं ओव्हन, व्हॅक्यूम पंप. फोममधून पॉझिटिव्ह कोरायचं मशीन आमच्याकडे नाही. पैशांचा हिशोब इथे लिहीत नाही कारण तो जागोजागी वेगळा असतो, पण वाया गेलेला वेळ आणि माल लिहीत जाईन.

५ जून

स्कॅनिंग. काका ६ मिमीचं सिलिकॉन लायनर (स्टंपवर चढवायचा मऊ मोजा) वापरतात आणि सॉकेट लायनरच्या बाहेरून बसणार, म्हणून स्कॅन लायनर घालूनच घ्यायचा. उघड्या स्टंपचा स्कॅन घेऊन सॉफ्टवेअरमध्ये ६ मिमी वाढवता येतात हे खरं, पण लायनर चढवला की तो ताणला जाऊन पातळ होतो आणि आतलं मांसही आवळून वेगळा आकार घेतं, त्यामुळे ते सहा मिमी कुठेच सहा राहत नाहीत.

लायनर चकाकतो, त्यावर प्रकाश उडतो आणि स्कॅनरचं ट्रॅकिंग सारखं तुटत होतं. त्यावर पातळ सुती स्टॉकिनेट (नळीसारखं विणलेलं कापड) चढवलं, सुरकुती पडू दिली नाही, आणि लगेच सुरळीत झालं. खुणा स्टॉकिनेटवरच पेनाने केल्या: पटेलाची (गुडघ्याच्या वाटीची) कड, पटेलर टेंडनचा (वाटीखालच्या कंडरेचा) मध्य, टिबियाची (नडगीच्या हाडाची) धार, टिबियाचं खालचं टोक, फिब्युलाचं (बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं. स्कॅनरमधलं रंग पकडायचं सेटिंग चालू आहे ना ते बघून घ्या. कास्टमध्ये कॉपिंग पेन्सिलची खूण प्लास्टरवर आपोआप उतरते, इथे रंग बंद असेल तर हातात नुसता करडा गोळा येतो आणि फिब्युलाचं डोकं अंदाजाने शोधत बसावं लागतं.

काका खुर्चीत बसले होते तेव्हा गुडघ्यामागची बाजू मिळेना, खुर्चीची कडच मध्ये येत होती. उंच टेबलाच्या कडेला बसवलं, मांडीखाली घट्ट गुंडाळी दिली, स्टंप मोकळा, गुडघा साधारण ५ ते १० अंश वाकलेला. स्टंपला खालून काही टेकवायचं नाही, मांस दबलं की आकार गेला. आधार नसताना पाय उचलून धरला की थोड्या वेळात थरथर सुरू होते आणि मेशमध्ये (स्कॅनमधून मिळालेल्या डिजिटल पृष्ठभागात) टिबियाच्या धारेवर एकावर एक दोन पापुद्रे दिसायला लागतात. असं दिसलं की स्मूद करून पुढे जाऊ नका, स्कॅन टाकून द्या, कारण स्मूदिंगने त्या दोन पापुद्र्यांच्या मधलाच कुठलातरी पृष्ठभाग मिळतो जो काकांच्या पायावर नाहीच.

६ जून

मेशचे घेर आणि टेपचे घेर ताडून बघितले. पटेलर टेंडनच्या मध्यापासून खाली दर ३ सेमीवर. टेपचं माप सगळीकडे मेशपेक्षा कमी भरलं, काही ठिकाणी ५ मिमीपर्यंत. यात स्कॅनर चुकलेला नाही, टेप आवळून धरली की मांस दबतं एवढंच. मात्र इथून पुढे घोळ होऊ शकतो, कारण सॉफ्टवेअर विचारतं की मोजलेले घेर टाकून आकार त्याप्रमाणे ओढून घेऊ का. हो म्हटलं आणि त्यावर परत टक्क्यांचं रिडक्शन (सॉकेट घट्ट बसावं म्हणून आकार कमी करणं) दिलं की एकच दाब दोनदा मोजला जातो. आम्ही टेपची मापं फक्त पडताळणीला ठेवली.

मेशला युनिट नसतं हेही याच दिवशी अनुभवलं. एसटीएल फाइलमध्ये नुसते आकडे असतात, मिमी की इंच ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. फाइल उघडताना चुकीचं युनिट निवडलं गेलं तर २५.४ पटीचा फरक पडतो आणि तो लगेच डोळ्यात भरतो, त्यामुळे त्याची भीती नाही. भीती छोट्या स्केलिंगची असते, म्हणून प्रत्येक फाइल उघडली की आधी एक घेर मोजायचा हा नियम भिंतीवर लावून टाकला.

९ जून

अख्खा दिवस अक्षात गेला. प्लास्टरच्या पॉझिटिव्हमध्ये पाइप असतो, तो व्हाइसमध्ये धरला की पुढची बाजू कुठली, उभी रेषा कुठली याचा प्रश्न येत नाही. स्कॅनमध्ये उभी रेषा म्हणजे स्कॅनर सुरू केला तेव्हा तो जसा धरला असेल तशी. सॉफ्टवेअरने स्वतःहून अक्ष बसवला तो स्टंपच्या मांसाच्या मधोमध, त्यामुळे आकार आतल्या बाजूला कलला आणि हे प्रिंटमध्ये तसंच गेलं असतं तर अडॅप्टर (सॉकेट खालच्या भागाला जोडणारा तुकडा) तिरका बसून सगळी अलाइनमेंट पायाकडच्या स्क्रूंवर ओढावी लागली असती.

उपाय म्हणून काकांना परत बोलावलं, गुडघ्यासमोर आणि बाहेरच्या बाजूला ओळंब्याच्या रेषेत दोन-दोन ठिपके लावले आणि नव्याने स्कॅन केला. चार ठिपक्यांवरून दोन्ही प्रतलं मिळतात. काकांची फेरी वाचली असती, हे ठिपके पहिल्याच स्कॅनला लावून घ्या.

११ जून

फोम बाहेर दुसऱ्यांकडून कोरून घ्यायचा विचार होता म्हणून फाइल त्यांच्या मशीनला चालणाऱ्या जुन्या एओपी फॉरमॅटमध्ये काढली. या फॉरमॅटमध्ये आकार चकत्यांमध्ये साठवला जातो, मधल्या अक्षापासून ठराविक अंशांवर त्रिज्या किती एवढंच. आमच्या सेटिंगमध्ये एका चकतीवर ७२ बिंदू होते, म्हणजे दर ५ अंशाला एक. त्रिज्या ५५ मिमी धरली तर दोन बिंदूंमध्ये जवळपास ४.८ मिमी अंतर पडतं. फिब्युलाच्या डोक्याची कड त्यात विरघळून गेली. शिवाय एका दिशेला एकच त्रिज्या असल्यामुळे जिथे पृष्ठभाग स्वतःवर वळतो, म्हणजे गुडघ्यामागची बाहेर फाकलेली कड, ती या फॉरमॅटमध्ये बसतच नाही, सरळ कापली जाते. बिंदू वाढवले तर कड बरीच परत येते पण त्यांचं मशीन तेवढी फाइल घेत नव्हतं. फोमचा बेत इथेच सोडला.

१४ जून

पॉझिटिव्ह आपणच प्रिंट करू म्हणून पीएलए प्लॅस्टिकमध्ये पोकळ कवच काढलं, ३ मिमी भिंत, आत थोडं इनफिल (आधाराची जाळी). ११ तास. त्यावर ओव्हनमधून काढलेली पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) शीट ओढली आणि व्हॅक्यूम दिल्यावर कवच आतल्या आत बसलं. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, आणि पीपीची शीट ओढायची असते तेव्हा ती काचेसारखी स्वच्छ दिसेपर्यंत तापवलेली असते, १८० च्या घरात. व्हॅक्यूम खेचतोय, आतून आधार नाही, मग दुसरं काय होणार. शीट गेली, प्रिंट गेली.

दुसऱ्या वेळी तेच कवच इनफिल न देता प्रिंट करून आत प्लास्टर ओतलं आणि मधोमध पाइप उभा केला. हे टिकलं. पण प्लास्टर ओलं असताना शीट ओढली तर वाफ निघून प्लॅस्टिकला फोड येतात, म्हणून आत ओतलेलं प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं, आणि कवचाने झाकलेलं प्लास्टर उघड्या पॉझिटिव्हपेक्षा कितीतरी सावकाश वाळतं. वरच्या बाजूला मोठं तोंड ठेवलं, खाली दोन भोकं पाडली, तेव्हा कुठे जमलं. वेळ वाचवायला म्हणून डिजिटल करताय तर हा वाळण्याचा वेळ हिशोबात धरा.

१७ जून

या सगळ्या उद्योगातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलेलं काम आज झालं म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरमध्ये तयार टेम्पलेट येतात. पटेलर टेंडनवर इतकं आत, फिब्युलाच्या डोक्यावर इतकं बाहेर. यामागचा विचार जुना आहे. पटेलर टेंडन बेअरिंग सॉकेट १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीला ज्या रॅडक्लिफ आणि फूर्ट या संशोधकांनी मांडलं, त्यातलेच जेम्स फूर्ट पुढे १९८० च्या दशकात व्हँकुव्हरला कॉम्प्युटरवर सॉकेट डिझाइन करण्याच्या कामात होते. म्हणजे हाताने प्लास्टर घासायची पद्धत ज्यांनी शिकवली त्यांनाच ती कॉम्प्युटरमध्ये उतरवावीशी वाटली. पण टेम्पलेट हे कुणाच्यातरी हाताचं असतं, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये चांगली बसणारी सॉकेट दादांच्या हातातून निघतात. तर दादांचा हात किती मिमी घेतो आणि किती मिमी देतो हे मोजायचं ठरवलं.

स्कॅनवरून पातळ निगेटिव्ह (ओतकामाचा पोकळ साचा) प्रिंट केलं, त्यात प्लास्टर ओतलं, हीट गनने कवच सोलून काढलं. हातात काकांच्या स्टंपचा प्लास्टरचा पॉझिटिव्ह, एकही दाब न दिलेला. तो स्कॅन केला. मग दादांना दिला आणि म्हटलं, "दादा, नेहमी करता तसंच करा, मी काही बोलणार नाही." दादांनी सुरफॉर्म (प्लास्टर घासायची कानस) घेतली. आधी सगळीकडून हलका हात फिरवला, मग टिबियाच्या आतल्या फ्लेअरवर (वर फाकलेल्या भागावर) लांब लांब घासलं, मध्येच थांबून डोळे मिटून अंगठ्याने चाचपत होते. फिब्युलाच्या डोक्यावर प्लास्टर चढवताना कड कुठेच ठेवली नाही, बोटाने पाणी लावत लावत आजूबाजूला मिसळून टाकली. मग तो पॉझिटिव्ह परत स्कॅन केला आणि दोन्ही मेश एकावर एक ठेवल्या.

इथे एक गोष्ट फार जपायची. सॉफ्टवेअरला बेस्ट फिट करायला सांगितलं तर ते दोन्ही आकारांमधला एकूण फरक कमीत कमी करतं, म्हणजे दादांनी पुढून घासलेले ७ मिमी थोडे पुढे, थोडे मागे वाटून टाकतं. पहिल्या रंगनकाशात गुडघ्यामागेही घासलेलं दिसत होतं, दादा म्हणाले मी तिथे एवढं घासलंच नाही. खरंच घासलं नव्हतं. मग पॉझिटिव्हच्या पाइपवर आणि वरच्या सपाट भागावर, जिथे कुणी हात लावत नाही, तिथे तीन छोट्या गोळ्या चिकटवल्या आणि दोन्ही मेश फक्त त्या गोळ्यांवर जुळवल्या. त्यासाठी दुसरा पॉझिटिव्ह ओतून दादांना परत सगळं करायला लावलं, त्यांनी कुरकुर न करता केलं.

आता नकाशा खरा आला. पटेलर टेंडनवर ७ मिमी आत, आतल्या फ्लेअरवर ३ ते ४, फिब्युलाच्या डोक्यावर ४ बाहेर, टिबियाच्या खालच्या टोकाला ५ बाहेर. हे पुस्तकी. पण फिब्युलाच्या मानेच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक लांबट पट्टा २ मिमी आत होता जो कुठल्याच तयार टेम्पलेटमध्ये नव्हता. दादांना विचारलं. म्हणाले, "तिथे थोडं धरलं की पाय आत फिरत नाही, आणि वरच्या डोक्यावर येणारा भार खाली सुटतो." हे ते रोज करत होते आणि आजपर्यंत कुणी लिहून घेतलं नव्हतं. मानेवरून पेरोनियल नर्व्ह जाते म्हणून तो भाग त्यांनी बरोबर सोडला होता, पट्टा त्याच्या खालून सुरू होतो. नकाशावर ही मोकळी जागा स्पष्ट दिसते.

हा नकाशा आम्ही आमचं टेम्पलेट म्हणून सेव्ह केला.

२० जून

स्क्रीनवर रेक्टिफिकेशन. काका सिलिकॉन लायनरवाले असल्यामुळे पूर्ण पृष्ठभागावर भार घेणारं सॉकेट करायचंय, म्हणून पटेलर टेंडनचा दाब टेम्पलेटमधल्यापेक्षा निम्म्यावर आणला आणि सगळीकडून ३ टक्के रिडक्शन दिलं.

क्रम महत्त्वाचा निघाला. आधी रिलीफ (हाडावर दाब येऊ नये म्हणून सोडलेली जागा) देऊन नंतर स्मूद केलं की उंचवटे खाली बसतात, ४ मिमीचा रिलीफ २.५ वर आला होता आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. आता आधी रिडक्शन, मग स्मूद, मग रिलीफ आणि शेवटी रिलीफच्या फक्त कडा मिसळायच्या, मधला भाग लॉक करून. दर पायरीनंतर मूळ स्कॅनशी फरकाचा नकाशा बघायचा.

२३ जून

चेक सॉकेट (फिटिंग तपासायचं तात्पुरतं सॉकेट) थेट प्रिंट करून बघितलं, पारदर्शक पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये. भिंत ५ मिमी, तळाशी ८, १९ तास, साधारण ७०० ग्रॅम. दोन गोष्टी.

एक, पारदर्शक फिलामेंट असलं तरी थरांमुळे ते दुधी काचेसारखं दिसतं. चेक सॉकेटचा सगळा उपयोग आतली त्वचा बघायचा असतो, कुठे पांढरी पडते, कुठे हवा अडकते, आणि ते इथे दिसत नाही.

दोन, भार. आत प्लास्टरचा डमी बसवून वरून हायड्रॉलिक जॅकने लोड सेलवर भार दिला, टाचेच्या आणि पंजाच्या दोन्ही दिशांनी तिरका. कृत्रिम पायांसाठी आयएसओ १०३२८ हे मानक आहे, त्यात ६०, ८० आणि १०० किलोपर्यंतच्या वापरणाऱ्यांसाठी पी३, पी४, पी५ अशा पातळ्या आहेत आणि आवर्ती (पुन्हा पुन्हा भार देण्याची) चाचणी ३० लाख आवर्तनांची आहे. सॉकेटसाठी ते वेगळं लिहिलेलं नाही पण भाराच्या दिशा तिथूनच घेतल्या. काकांचं वजन ७२ किलो, म्हणून पी४. आमच्या जॅकवर आवर्ती चाचणी होत नाही, फक्त स्थिर भार, हे लक्षात ठेवूनच हे वाचा. सॉकेट पंजाच्या दिशेच्या भाराला तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे आडवं तडकलं, थराच्या रेषेवरून स्वच्छ. आवाजही न करता.

कारण सरळ आहे. तळ बेडवर ठेवून प्रिंट केलं की थर आडवे येतात, आणि पंजावर भार आला की तळाच्या मागच्या कडेला भिंत वर ओढली जाते, म्हणजे ताण दोन थर एकमेकांपासून सोडवायच्या दिशेने. त्यात कोपरा काटकोनी होता.

२६ जून

परत प्रिंट. कोपऱ्याला १२ मिमी त्रिज्येचा गोलावा, भिंत तळापासून ४० मिमीपर्यंत ८ आणि वर हळूहळू ५. इनफिल काढूनच टाकलं, सगळी भिंत पेरिमीटरची (कडेला समांतर फिरणाऱ्या रेषांची). नोझलचं तापमान वाढवलं, पंखा जवळजवळ बंद, वेग कमी. फिलामेंट आधी ड्रायरमध्ये वाळवलं. २६ तास. त्याच भाराला टिकलं. त्यावरही चार बोल्टच्या अडॅप्टरपासून वरपर्यंत फायबरग्लास कास्टिंग टेप गुंडाळली, म्हणजे तडकलंच तरी एकदम तुटून माणूस पडणार नाही. ही टेप लावल्याशिवाय प्रिंट केलेल्या चेक सॉकेटवर कुणालाही उभं करू नका, जॅकवर कितीही चांगलं टिकलेलं असो.

३० जून

फिटिंग. काका पॅरलल बारमध्ये. उभे राहिल्यावर विचारलं, "काका, कुठे टोचतंय का?" म्हणाले, "टोचत नाही, पण आत खाली बसल्यासारखं वाटतंय." पटेलाची खालची कड सॉकेटच्या दाबाच्या पट्टीवर आली होती, जी खरं तर त्याखाली टेंडनवर बसायला हवी. तळाशी आधी मऊ मातीची गोळी ठेवली होती ती पापडासारखी चपटी. म्हणजे स्टंप खाली घसरतोय आणि टोक टेकतंय. एक सॉक (मोजा) चढवला, पट्टी जागेवर आली, माती थोडी जाड राहिली. म्हणजे सॉकेट मोठं झालंय.

३ टक्के रिडक्शन दिलेलं असताना मोठं कसं, तर सॉफ्टवेअरचे ३ टक्के हे आकारमानाचे होते आणि आमच्या डोक्यात घेराचे. लांबी तीच ठेवून आकारमान ३ टक्के कमी केलं तर ३०० मिमीचा घेर फक्त ४.५ मिमीने कमी होतो. घेराचे ३ टक्के म्हणजे ९ मिमी. निम्म्याचा फरक. प्रत्येक सॉफ्टवेअर या टक्क्यांचा अर्थ वेगळा घेतं, त्यामुळे टक्के टाकल्यावर एका पातळीवरचा घेर आधी आणि नंतर मोजून बघायचा, त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबायचं नाही.

दुसरं एक कारणही थोडं असावं. स्कॅन सकाळी घेतला होता, फिटिंग दुपारी उशिरा. स्टंप दिवसभरात थोडा आटतो. पुढच्या वेळी स्कॅन आणि फिटिंग एकाच वेळेला.

४ जुलै

मध्येच एका ताईंचं एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारा ब्रेस) आलं, फूट ड्रॉपसाठी (पाऊल वर उचललं जात नाही त्यासाठी), म्हणून त्यातही स्कॅनर वापरून बघितला. थोडक्यात लिहितो. कास्टमध्ये प्लास्टर जमेपर्यंत पाऊल सरळ धरून ठेवता येतं, स्कॅनमध्ये धरणारा हातच मेशमध्ये येतो. पाऊल जसं लटकतंय तसं स्कॅन करून घोटा सॉफ्टवेअरमध्ये फिरवला तर टाचेमागे घडी पडते आणि पायाची कमान जिथे यायला हवी तिथे येत नाही. उपाय: पाऊल पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाटावर ठेवून खालून स्कॅन, आणि गुडघा वरून दाबून धरणं, म्हणजे हात नडगीच्या वर राहतो, कामाच्या भागात येत नाही. पीपीची शीट रात्रभर पॉझिटिव्हवरच थंड होऊ दिली, गरम असताना काढली की घोट्याजवळ उघडते. ट्रिमलाइन (ब्रेसची कापायची कड) घोट्याच्या मागे ठेवली की ब्रेस लवचिक राहतो, पुढे आणली की ताठ होतो, ताईंना चालताना थोडी लवचिकता हवी होती म्हणून मागे ठेवली. बसलं.

८ जुलै

काकांचं दुसरं चेक सॉकेट. घेर ३ टक्क्यांनी कमी, पण टोकाच्या ३ सेमीत रिडक्शन नाही, नाहीतर मांस वर ढकललं जाऊन टोक लोंबकळतं आणि तिथे रक्त साकळतं. यावेळी प्लास्टर भरलेल्या पॉझिटिव्हवर पीईटीजीची जाड शीट ओढली, खरोखर पारदर्शक मिळालं. शीट खाली ओढताना टोकाला पातळ होते, कॅलिपरने बघितलं तर १२ मिमीची शीट टोकाला ५ वर आली होती, तरी इथे थर नसल्यामुळे ते चाललं, टेप गुंडाळलीच.

आता आतलं दिसतं. उभं राहिल्यावर लायनर सगळीकडे टेकलेला, टोकाला हवा नाही. सॉकेट काढून त्वचा बघितली. फ्लेअरवर आणि टेंडनवर गुलाबी झालं होतं, दहा मिनिटांत उतरलं, ते चालतं. फिब्युलाच्या डोक्यावर एका रुपयाएवढा डाग उतरला नाही. काकांना मधुमेह आहे, त्यांना तिथे काही जाणवलंच नव्हतं. ज्यांची संवेदना कमी आहे त्यांना "दुखतंय का" विचारून भागत नाही, दर वेळी लायनर काढून डोळ्यांनीच बघावं लागतं.

डागावर लिपस्टिक लावून, लायनर न घालता एकदा हळूच सॉकेटमध्ये टेकवलं, आतून ठसा उमटला. रिलीफ दिलेला होता पण ठसा त्याच्या ६ मिमी मागे. स्टॉकिनेटवरची पेनाची खूण लायनरसकट सरकली होती. फाइलमध्ये रिलीफ मागे सरकवला, दादांचा तो २ मिमीचा पट्टाही त्याबरोबर मागे घेतला. तेवढ्यापुरतं पीईटीजी हीट गनने बाहेर काढलं आणि त्याच बैठकीत परत बघितलं, डाग आला नाही. आता स्टॉकिनेट चढवल्यावर फिब्युलाचं डोकं पुन्हा चाचपून मगच खूण करतो.

१५ जुलै

पक्कं सॉकेट. ते आम्ही प्रिंट केलं नाही. प्रिंटचं सॉकेट जॅकवर टिकलं तरी लाखो पावलांच्या भाराची खात्री आम्ही इथे देऊ शकत नाही, म्हणून दुरुस्त केलेल्या फाइलवरून नवा पॉझिटिव्ह काढला आणि दादांनी त्यावर कार्बन आणि ग्लासचं लॅमिनेशन (धाग्यांच्या कापडाचे थर रेझिनमध्ये बसवणं) केलं, नेहमीसारखं. प्रिंटर आमच्यासाठी पॉझिटिव्ह आणि चेक सॉकेटपुरताच. जे लोक प्रिंटचं सॉकेट थेट वापरायला देतात त्यांच्याकडे आवर्ती चाचणीची सोय असेल तर ठीकच आहे.

वेळ बघितला तर हे पहिलं सॉकेट कास्टच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ हळू झालं. पण फिटिंगनंतरची दुरुस्ती खूप जलद झाली. कास्टमध्ये पॉझिटिव्ह फुटला की आकार गेला, इथे रिलीफ ६ मिमी मागे सरकवून नवा पॉझिटिव्ह निघाला आणि बाकीचा आकार जसाच्या तसा राहिला.

१२ ऑगस्ट

काका रोज वापरताहेत. त्वचा स्वच्छ. दिवसाच्या शेवटी एक पातळ सॉक घालावा लागतो, तो ठरलेलाच होता. सॉक वाढत वाढत जाडजूड व्हायला लागले की परत स्कॅन करायचा असं काकांना सांगून ठेवलंय, तेव्हा नवीन स्कॅन जुन्यावर ठेवला की स्टंप नेमका कुठे आटलाय ते कळेल.

फाइली अशा ठेवल्यात: कच्चा स्कॅन कधीच बदलायचा नाही, मग अक्ष लावलेला, मग रिडक्शन, मग रिलीफ, शेवटी फिटिंगनंतरची दुरुस्ती, प्रत्येक वेगळी, नावात तारीख आणि कुठली बाजू. काकांचं नाव फाइलवर नाही, केस नंबर आहे.

दादांनी पक्कं सॉकेट हातात घेऊन आतून अंगठा फिरवला आणि म्हणाले आतल्या फ्लेअरला अजून १ मिमी घेता आला असता. काकांच्या या सॉकेटला आता हात लावायचा नाही, पण टेम्पलेटमध्ये तिथे ४ चे ५ केलेत, पुढच्या केसला बघू.